वारीत आवाज टिपायचाय? मिक्सरची पिशवी आदल्या रात्रीच भरा

लोणंदहून तरडगावकडे जाताना चांदोबाचा लिंब लागतो. माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण तिथलं. अश्व समोरून धावून जातात ते काही क्षणांत, आणि ते दुसरा टेक देत नाहीत. त्यामुळे तपासायचं ते सगळं आदल्या रात्री मुक्कामावरच.

कार्डावरच्या जुन्या फाइली दोन ठिकाणी उतरवून घ्या, मग कार्ड मिक्सरमध्येच (माइकचे आवाज एकत्र घेऊन रेकॉर्ड करणारं यंत्र) फॉरमॅट करा, लॅपटॉपवर नको. रेकॉर्डिंगची सेटिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, तारीख-वेळ कॅमेऱ्याशी जुळलेली. पेन्सिल सेलवर दिवस काढायचा विचार सोडा. 48 व्होल्टचं फँटम (मिक्सरमधून माइकला दिली जाणारी वीज) चालू असलं की ते भराभर उतरतात. मोठ्या बॅटऱ्या रात्रीच चार्ज करा, कारण मुक्कामावर प्लगसाठी शंभर मोबाइल रांगेत असतात. प्रत्येक केबल हेडफोन लावून टोकाशी हलवून ऐका. माझी एक केबल घरी शहाण्यासारखी वागली आणि दिंडीत खरखरायला लागली.

खरा घोळ टाळांचा. अभंग म्हणणाऱ्या एकट्या आवाजावर गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) लावलात तर टाळ पडताच लेव्हल फाटलीच म्हणून समजा. कोणाकडून तरी हातभर अंतरावर टाळ वाजवून घ्या आणि सर्वांत जोराचा ठोका उणे 12 डेसिबलच्या वर जाणार नाही इतका गेन ठेवा. लिमिटर (फार मोठा आवाज आपोआप दाबणारी सोय) चालू असू द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका. 32 बिट फ्लोटवाले (त्या फाइलीत आवाज फाटत नाही) निश्चिंत असतात. माइकच ओरडून फाटला तर फाइल काय वाचवणार? लो-कट (खालची घरघर कापणारा फिल्टर) बूमवर, म्हणजे काठीवरच्या माइकवर, 80 हर्ट्झला ठेवा, मृदंगाच्या ट्रॅकवर मात्र बंद, नाहीतर डाव्या बाजूची धुम निघून जाते आणि उरते नुसती टकटक.

वायरलेस माइकची फ्रिक्वेन्सी पुण्यात शोधून आणू नका, जागेवर स्कॅन करा. पाऊस धरूनच चला: मिक्सरला प्लास्टिक, पिशवीत टॉवेल, माइकची केसाळ कव्हरं दोन, कारण भिजलेलं कव्हर आवाज दाबतं. छत्री नको, तिच्यावरचे थेंबच रेकॉर्ड होतात.

विणेकऱ्यांना कॉलर माइक लावायचा असेल तर त्यांना आणि दिंडीप्रमुखांना संध्याकाळीच विचारून घ्या. उपरण्याखाली वायर कुठून न्यायची तेही तेव्हाच बघा. सकाळी दिंडी चालू लागल्यावर कोणाला थांबवता येत नाही.