कोड न लिहिता वेबसाइट: एडिटर कसा निवडावा

सिंहस्थ तोंडावर आलाय. पंचवटीतला लॉजवाला असो की येवल्याचा पैठणीवाला, वेबसाइट सगळ्यांनाच हवी आहे. माउसने ओढून-सोडून पानं बांधता येतील असे एडिटर ढिगाने आहेत. टेम्पलेट, म्हणजे पानांचे तयार नमुने, बघून भुलू नका, ती सर्वांत शेवटी बघा.

आधी साइटकडून काय हवंय ते कागदावर लिहा. पत्ता, नकाशा, फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅप नंबर एवढंच असेल, तर गूगल साइट्स फुकट आहे आणि पुरेसंही. पिंपळगावचे बेदाणे ऑनलाइन विकायचे असतील, तर मात्र विक्ससारखी तयार सेवा, किंवा वर्डप्रेस ही साइट बांधायची प्रणाली आणि तिच्यावर वूकॉमर्स हे ऑनलाइन दुकानाचं प्लगइन (वरून जोडायचं सॉफ्टवेअर).

मग बाहेर पडायची वाट तपासा. विक्सवरची साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर (साइट ठेवायची भाड्याची जागा) नेता येत नाही, नव्याने बांधावी लागते. वर्डप्रेसमधला मजकूर एक्स्पोर्ट होतो, म्हणजे फाइल करून बाहेर नेता येतो. त्याचा २०१८ साली आलेला ब्लॉक एडिटर साध्या साइटला पुरतो, उगाच एलिमेंटर हे पान मांडायचं प्लगइन चढवू नका. ते प्लगइन बंद केलं की मजकूर उरतो, मांडणी विस्कटते. आणि डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, स्वतःच्याच नावावर घ्या, साइट बनवणारा सख्खा भाचा असला तरी.

आता खरी परीक्षा मराठीची. फुकट खातं उघडून मोठ्या शीर्षकात लिहा: ‘निफाडच्या शेतकऱ्यांची ताजी द्राक्षं’. ‘ऱ्यां’ नीट जुळतंय का? ओळी फार जवळ असतील तर मात्रा-वेलांट्या कापल्या जातात, म्हणून ओळींमधलं अंतर बदलता आलं पाहिजे. अक्षरांमधलं अंतर मात्र शून्यच ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते. फॉन्टच्या यादीत मुक्ता, बालू किंवा तिरो देवनागरी मराठी शोधा. साइटची भाषा ‘मराठी’ निवडता येते का तेही बघा. काही फॉन्ट त्यावरूनच ल आणि श मराठी वळणाचे दाखवतात. जुनं माहितीपत्रक श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल, तर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतात, बदलून घ्या. एरवी पानावर नुसती गिचमिड उमटेल.

हेच पान स्वस्तातल्या फोनवर, वायफाय बंद करून उघडा. दर बघताना पहिल्या वर्षाची सवलत सोडा, दुसऱ्या वर्षी किती भरावे लागतील ते विचारा.

शेवटी, साइट रोज सांभाळणाऱ्या माणसाला लॅपटॉप द्या आणि पर्वणीच्या दिवसांचं खोलीभाडं बदलायला सांगा. त्यासाठी त्याने तुम्हाला दोनदा हाक मारली, तर पुढचा एडिटर उघडा.