घरच्या घरी पाळणाघर सुरू करताय? या चुका टाळा

स्वतःचं लेकरू लहान आहे, नोकरीसाठी बाहेर पडता येत नाही, तर घरीच आणखी दोन-तीन मुलं सांभाळावीत, हा विचार चांगला आहे. नागपुरात त्याची गरजही आहे. मिहान, परसोडीचा आयटी पार्क, हिंगणा, बुटीबोरी इकडे नवरा-बायको दोघंही कामाला जातात आणि आजी-आजोबा गावाकडे असतात. बाळंतपणाची पगारी रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची. त्यातले काही आठवडे आधीच गेले असतील, तर बाळ तुमच्याकडे येतं ते जेमतेम चार-पाच महिन्यांचं. पुढे जे बिघडतं त्यातलं बरंचसं एकाच कारणाने बिघडतं: घरात एका वेळी हात किती मोकळे आहेत, हे आधी मोजलेलं नसतं.

स्वतःची मुलं हिशेबात न धरणं

"चार मुलं घेते" म्हणताना आपली दोन त्यात धरलेलीच नसतात. मग घरात सहा होतात.

दुपारी एक ते दोन हा तास कागदावर मांडून बघा. सव्वाला मोठ्याची स्कूल व्हॅन गेटवर येते. त्याच सुमारास बाळाची दुधाची वेळ असते. दोन वर्षांच्या पोराला शीला न्यायचं असतं. कुकर गॅसवर असतो. व्हॅनसाठी खाली उतरायचं तर वर मुलांजवळ कोण? "दोनच मिनिटं" म्हणून बाहेरून कडी लावून जाणं ही या धंद्यातली सगळ्यात धोकादायक सवय आहे. आपल्या मुलाला दारापर्यंत आणून सोडणारी व्यवस्था आधी करा, व्हॅनवाल्या काकांशी बोला, शेजारच्या काकूंशी पक्कं ठरवा. ती झाल्याशिवाय पहिलं मूल घेऊ नका.

आकडा ठरवायची सोपी कसोटी अशी: लाइट गेली आहे, लिफ्ट बंद आहे, घरात धूर झाला आहे, आणि तुम्हाला एकटीने सगळ्यांना खाली न्यायचं आहे. न चालणारी किती बाळं उचलाल? दोन, फार तर. त्यात तुमचंही धरा. आमचा सल्ला, पहिले तीन महिने बाहेरची दोनच मुलं घ्या. आपलं मूल दोन वर्षांच्या आतलं असेल, तर बाहेरचं तान्हं एकच घ्या.

आपल्या मुलाची खेळणी सगळ्यांची करून टाकू नका. त्याचं घर अचानक आठ तास दुसऱ्यांचं होतं, ते चावणं, ढकलणं, पुन्हा चड्डीत शू करणं अशा मार्गांनी सांगतं. त्याची तीन-चार आवडती खेळणी आणि त्याचं पांघरूण एका कपाटात ठेवा, ते कुणालाही द्यायचं नाही. सगळी मुलं गेल्यावरची वीस मिनिटं फक्त त्याची. भांडी नंतर.

कूलर आणि पाणी

होळीनंतर नागपुरात घरोघरी कूलर निघतो आणि पाळणाघरात तीच सर्वांत जोखमीची वस्तू असते. लोखंडी बॉडी, आत पाण्यात पंप, खाली ओली फरशी, त्यावर अनवाणी मुलं. पंपाच्या वायरचं इन्सुलेशन गेलं आणि प्लगला अर्थिंग नसेल, तर करंट बॉडीत उतरतो. मुलं घ्यायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून तीन गोष्टी करून घ्या: तीन पिनांचा प्लग आणि खरंच चालू असलेलं अर्थिंग, मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा खटका), आणि जमिनीवरचं एक्स्टेंशन बोर्ड कायमचं हटवणं. आरसीसीबीवरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. खटका पडला नाही तर तो निकामी आहे. पाणी भरताना प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

टाकीत पाणी साचलं की डेंग्यूचे डास तिथेच होतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करा. अंडी पाण्याच्या रेषेजवळ कडेला चिकटलेली असतात. नुसतं पाणी बदललं तर ती तशीच राहतात. ब्रशने कडा घासा, टाकी कोरडी होऊ द्या.

नळ जाईल म्हणून बाथरूममध्ये भरून ठेवलेल्या बादल्या आणि ड्रम विसरू नका. डोकं जड असल्यामुळे वर्षभराचं मूल बादलीत वाकलं की त्याला परत वर येता येत नाही, आणि बुडायला वीतभर पाणीही पुरतं. बाथरूमला बाहेरून, तुमच्या खांद्याइतक्या उंचीवर कडी हवी.

एप्रिल-मेमध्ये बाहेरचा खेळ सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी साडेसहानंतर. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात एकदमच घालायचं. ग्लासात चमचा-चमचा पावडर टाकली की मिठाचं प्रमाण बिघडतं. लहान पाकिटं २०० मिलिलिटरची असतात, वाचूनच फोडा. केलेलं पाणी चोवीस तासांनंतर फेकायचं.

दूध आणि खाणं

आईने काढून दिलेलं दूध २५ अंशांपर्यंत चार तास टिकतं असं सांगतात. आपल्याकडच्या मे महिन्यात स्वयंपाकघर त्याहून कितीतरी गरम असतं, म्हणून ते बर्फाच्या डब्यातून यावं आणि आल्या आल्या फ्रीजमध्ये जावं. बाटलीवर नाव आणि वेळ लिहा. गरम पाण्याच्या वाटीत ठेवून कोमट करा, मायक्रोवेव्ह नको. बाळाने उष्टं ठेवलेलं पुढच्या वेळी वापरायचं नाही. एक वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, आजीने सांगितलं तरी.

चार वर्षांच्या आतल्या मुलांना फल्लीदाणे, फुटाणे, आख्खी द्राक्षं आणि बोरं देऊ नका. द्राक्षाचे उभे चार तुकडे करा, संत्र्याची फोड सोलून बिया काढून द्या. घास अडकून आवाजच बंद झाला, तर तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. एक वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं घेऊन पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब. मोठ्या मुलाला पाठीवर पाच थापा, मग बेंबीच्या वर आत-वर पाच झटके. आळीपाळीने, वस्तू पडेपर्यंत. सोबत फोन स्पीकरवर टाकून १०८.

"थोडं अंग गरम होतं, म्हणून दिलं औषध"

पॅरासिटॅमॉलच्या तान्ह्यांच्या थेंबांत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२० किंवा २५०. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात. थेंबांच्या बाटलीतून सिरपसारखा चमचाभर दिला, तर एकदम ५०० मिलिग्रॅम पोटात जातं. म्हणून आई-बाबांनी नाव, मात्रा, वेळ लिहून सही केल्याशिवाय औषध नाही. दिल्यावर वहीत वेळ टाका.

आजारी मूल कधी घ्यायचं नाही, हे पहिल्याच दिवशी छापून द्या: औषधाशिवाय चोवीस तास ताप नसावा, शेवटच्या जुलाबानंतर दोन दिवस जावेत, कांजण्यांच्या सगळ्या फोडांवर खपली धरलेली असावी. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत असतो. त्याआधीच्या तान्ह्याचं रक्षण मोठ्या मुलांच्या लसीवरच अवलंबून आहे, म्हणून प्रत्येकाचं लसीकरण कार्ड बघा. हाच नियम आपल्या मुलाला लावताना बायका कचरतात. आपल्या मुलाला ताप आला की सगळ्यांना सुट्टी द्यावी लागते, पैसे बुडतात. तरी द्या.

झोपवताना तान्हं उताणं, सपाट गादीवर, उशीविना. साडीची झोळी मुलं जास्त असलेल्या घरात नको, दुसरं मूल झोका देतं किंवा आत चढतं.

घरातली माणसं

मुलं असताना घरी कोण-कोण असतं, हे पालकांना आधी सांगा: दीर, सासरे, वरकामाची मावशी. कपडे बदलणं, शी-शू तुम्हीच करायचं. मुलांचे फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर फ्रीजवर लावा. मुलाच्या अंगावरच्या खुणा पाहून लैंगिक अत्याचाराची शंका आली तर गप्प बसू नका, पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. भाड्याचं घर असेल तर मालकाची, फ्लॅट असेल तर सोसायटीची लेखी संमती घ्या आणि महापालिकेच्या आपल्या झोन ऑफिसात काय लागतं ते विचारून या.

फी, उशीर, सुट्ट्या

ओळखीची म्हणून तोंडी ठरवलेली फी तिसऱ्या महिन्यात कडवट होते. एक पानाचा कागद करा. त्यात महिन्याची फी आगाऊ, कोणत्या तारखेपर्यंत, न्यायला कोण येणार त्यांची नावं, उशीर झाल्यास दर अर्ध्या तासाला किती. बुटीबोरीहून येणारा माणूस वर्धा रोडवर अडकणारच, तेव्हा त्याच्यासाठी वेळच अर्धा तास पुढची धरा, रोजची कटकट वाचते.

मे महिन्यात मुलं आजोळी जातात आणि फी थांबते. जागा राखून ठेवायची तर निम्मी फी, असं आधीच लिहा. सुट्ट्यांची यादी जानेवारीतच द्या. तान्हा पोळा आणि मारबतीच्या दिवशी खासगी कंपन्यांत सगळ्यांना सुट्टी नसते. महालक्ष्म्यांचे तीन दिवस तुमच्या घरी मांडणी, नैवेद्य, पाहुणे, जळती समई असते, त्या दिवसांत मुलं घेऊच नका. लक्ष्मीनगर-रामदासपेठेकडे राहत असाल, तर दसऱ्याला दीक्षाभूमीच्या गर्दीमुळे रस्ते वळवलेले असतात, तो दिवसही यादीत टाका.