हडळ, जखीण की यक्षिणी? गोष्टीतली बाई ओळखायची कशी

आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत आजीच्या गोष्टीत हडळ येते, शेजारच्या गुजराती मासींच्या गोष्टीत चुडेल येते आणि मुलं दोघींना सरसकट राक्षसी म्हणून मोकळी होतात. पण या सगळ्या एक नाहीयेत, आणि ओळखणं तसं अवघड पण नाही.

आधी एवढंच विचारा, ही कधी माणूस होती का? राक्षसी, अप्सरा या जन्मानेच तशा. हिडिंबेला भाऊ होता, भीमाशी लग्न झालं, घटोत्कच झाला, म्हणजे तिचं अख्खं कुळ आहे, ती मरून राक्षसी झालेली नाही. हडळ मात्र कुणाची तरी लेक, कुणाची तरी सून होती.

मग विचारा, गेली कशी? इथे घाई करू नका, खरी गोष्ट इथेच असते. पोटुशी असताना किंवा बाळंतपणात गेली तर हडळ नाहीतर अळवंत, सवाष्ण गेली तर जखीण, विधवा गेली तर लावसट. गावागणिक नावं इकडची तिकडे होतात, त्यावर वाद घालू नका. पुरुषांचं बघा, मुंज झाली पण सोडमुंजीआधी, म्हणजे ब्रह्मचर्य संपायच्या विधीआधी, गेला तो मुंजा, पैशात-घरात जीव अडकला तो समंध. आणि बायकांचं मात्र नवरा आहे की नाही अन् बाळंतपण नीट झालं की नाही, बस्स एवढ्यावरच ठरतं. पूर्वी बाळंतपणात किती जणी जायच्या, त्या सगळ्या या नावांत आहेत, मला तर ऐकताना भीतीपेक्षा वाईटच जास्त वाटतं.

अंगावरच्या खुणांवर फार विसंबू नका. उलटे पाय, मोकळे केस सगळीकडेच सांगतात, गुजरातीत पुढून देखणी आणि मागून पाठ पोकळ अशी चुडेल असते, पण सांगणारा बदलला की खुणा बदलतात.

त्यापेक्षा लोक तिच्याशी वागतात कसे ते बघा. साती आसरा, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात जणी, माणसाला पाण्यात ओढतात असं म्हणतात खरं, पण विहिरीकाठी सात दगड मांडून बायका त्यांना हळदकुंकू वाहतात, त्यांना पळवून लावायला कोणी मांत्रिक आणत नाही. त्या देवताच, भुतांच्या यादीत घालू नका.

आता एक गोष्ट अशी की जिथे माझा पहिला प्रश्नच अडतो. अकोट्याला सापडलेल्या जैन धातुमूर्ती आपल्या बडोदा म्युझियममध्ये आहेत, त्यात अंबिका यक्षी (यक्षी म्हणजे यक्षिणी, जैनांत तीर्थंकराची रक्षक देवता) शोधा. जैन कथेत ती आधी साधी गृहिणी, साधूला जेवण दिलं म्हणून मुलांसकट घराबाहेर काढलेली, पुढे नवरा परत न्यायला आला तर तो मारायलाच आलाय असं वाटून तिने जीव दिला. अशी बाई आपल्याकडच्या गोष्टीत हडळच झाली असती, पण इथे ती नेमिनाथ तीर्थंकरांची यक्षी झाली, जवळ मूल, हातात आंब्याचा घोस, आणि नवरा पुढच्या जन्मी सिंह होऊन तिचं वाहन झाला.

म्हणून आजीकडून गोष्ट लिहून घेताना नुसतं नाव लिहू नका, ती कशी गेली, लोक तिला काय वाहतात आणि गोष्ट कुठल्या गावची, हे तिन्ही लिहा.