लॅब्राडोर की स्पिट्झ? आधी घरातली मे महिन्याची दुपार बघा

नागपुरात कुत्रा घ्यायचं ठरलं की बऱ्याच घरांत चर्चा दोनच नावांवर येऊन अडते. मुलांना लॅब्राडोर हवा असतो, आजी-आजोबांना 'पामेरियन'. आपल्याकडे पामेरियन म्हणून जो पांढरा, टोकदार कानांचा कुत्रा मिळतो, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. अस्सल पामेरियन दोन-तीन किलोंचा. स्पिट्झचा लहान प्रकार पाच ते सात किलोंपर्यंत जातो आणि मोठा त्याच्या दुपटीच्या पुढे. विकणारा काहीही म्हणो, पिल्लाची आई समोर आणायला लावा. पिल्लू किती वाढेल ते तिच्याकडे बघून कळतं.

पहिला प्रश्न उन्हाचा. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा दुपारी बारा ते पाच घरात कोण असतं? कूलर कोणत्या खोलीत चालतो आणि कुत्र्याला तिथे जागा आहे का? कुत्र्याला घाम फक्त पंजांना येतो, बहुतेक उष्णता तो धापा टाकूनच बाहेर काढतो. केसांचा दुहेरी थर दोन्ही जातींना आहे, पण स्पिट्झ अंगाने लहान आणि इथल्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला. 30 किलोंचा लॅब, त्यातून अंगावर चरबी चढलेला असेल, तर लवकर तापतो आणि थंड व्हायला फार वेळ घेतो. अंगणात किंवा गच्चीवरच्या पत्र्याखाली बांधून ठेवायचा बेत असेल तर दोन्हीपैकी काहीच घेऊ नका. उन्हाळा आला म्हणून केस भादरूही नका, तोच थर कातडीला उन्हापासून वाचवतो. जुलैत कूलरने खोली नुसती दमट होते आणि दमट हवेत धापाही कामी येत नाही. तेव्हा कूलर बंद करून पंखा लावा, खिडक्या उघडा.

ऊन लागल्याची खूण ओळखायला घरातल्या प्रत्येकाने शिकावं: धाप थांबत नाही, लाळ घट्ट तारेसारखी लोंबते, हिरड्या गडद लाल होतात, मागचे पाय लटपटतात. लगेच सावलीत घ्या, नळाचं पाणी अंगावर सतत ओता, पंखा लावा आणि मग गाडीत घालून डॉक्टरकडे न्या. ओला टॉवेल पांघरून ठेवायची चूक पुष्कळ जण करतात. टॉवेल काही मिनिटांत गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्याची वेळ आणि जवळच्या खासगी डॉक्टरचा नंबर उन्हाळ्याआधीच फ्रिजवर चिकटवून ठेवा.

दुसरा प्रश्न, पट्टा कोणाच्या हातात राहणार? लॅबला रोज तासभर तरी चालणं-पळणं लागतं, स्पिट्झला अर्धा-पाऊण तास पुरतो. उन्हाळ्यात ही फेरी सकाळी सहाच्या आत आणि रात्री आठनंतरच. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसलं नाही तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. तरुण लॅबने मांजर बघून झटका दिला तर सत्तरीतले आजोबा पडतात. आणि लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर लॅब घेणाऱ्यांनी पुढची दहा वर्षं डोळ्यांसमोर आणावीत. या जातीत खुब्याच्या सांध्याचा दोष बराच आढळतो. म्हातारपणी त्याला जिने चढवेनासे झाले की 30 किलोंचा कुत्रा दिवसातून तीन वेळा उचलणार कोण? अशा घरासाठी आमचं मत स्पष्ट आहे, स्पिट्झच घ्या.

स्पिट्झची अडचण वेगळी. तो भुंकतो, भरपूर भुंकतो. बेसा-मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये भिंतीला भिंत लागून शेजारी असतात, तिथे बाल्कनीच्या ग्रिलचा खालचा भाग झाकून टाका. रस्ता दिसला नाही की निम्मं भुंकणं जातं. बेल वाजली की ओरडू नका. त्याला वाटतं तुम्हीही भुंकताय. तो गप्प झाला की पाच सेकंद थांबा आणि मग खाऊ द्या. घरात चार-पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर मात्र पारडं लॅबकडे झुकतं. स्पिट्झला मुठीत केस धरलेले खपत नाहीत, तो गुरगुरतो, चावाही घेतो. लॅब जास्त सोसतो, पण दोन वर्षांचा होईपर्यंत तो प्रेमानेच मुलाला धडकून पाडतो. मूल आणि कुत्रा, दोघांना एकटं सोडू नका.

खर्चाचा अंदाज खाण्यावरून घ्या. मोठ्या लॅबला दिवसाला साधारण 320 ते 380 ग्रॅम कोरडं खाद्य, सात किलोंच्या स्पिट्झला 110 ते 130, दोन्ही दोन वेळांत विभागून. लॅबचं पोट कधी भरत नाही, म्हणून वाटीने नाही, वजनकाट्यावर मोजा. फासळ्यांवरून हात फिरवल्यावर त्या हाताला लागल्या पाहिजेत. चाचपून शोधाव्या लागल्या तर खाद्य कमी करा. तर्रीतला कांदा-लसूण, द्राक्षं, मनुका आणि सावजी मटणाची शिजलेली हाडं दोघांनाही वर्ज्य. शिजलेलं हाड चिरफळून आतड्यात रुततं.

केस दोघांचेही गळतात. स्पिट्झला एक दिवसाआड विंचरा, कानांमागे आणि मांड्यांवर गाठी आधी धरतात. पांढऱ्या दाट केसांत गोचीड शोधायला वेळ लागतो: बोटांच्या बेचक्या, कानाची आतली घडी, पट्ट्याखालची मान, याच क्रमाने बघा. पावसाळ्यात हे रोजच करा, कारण गोचिडाने येणारा ताप प्लेटलेट्स पाडतो आणि बरेच दिवस नुसता 'आज जेवला नाही' इतकाच दिसतो.

जात ठरली की आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका, कायद्यानेही ते विकता येत नाही. लॅब असेल तर आईवडिलांच्या खुब्यांचा एक्स-रे मागा. पिल्लू दिवाळीचे फटाके संपल्यावर घरी आणा. मग सोळाव्या आठवड्यापर्यंतची लसीकरणाची मालिका साधारण जानेवारीत पूर्ण होते आणि ऊन तापायच्या आत त्याला पट्ट्यावर चालायला शिकवायला दोन गार महिने हाताशी राहतात.