पझल सुटतं पण डावात काहीच दिसत नाही, असं होत असेल तर

मी सव्विसाव्या वर्षी बुद्धिबळ सिरियसली घेतलं. म्हणजे लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आत्तेभावाकडून हरण्यापुरतं यायचं, पण नोकरी लागल्यावर कर्वेनगर ते हिंजवडी कंपनीच्या बसमध्ये रोज जाऊन-येऊन तीन तास काय करायचं म्हणून लीचेस या बुद्धिबळाच्या साइटवर पझल्स (दिलेल्या पटावर योग्य चाल शोधायची कोडी) सुरू केली, फुकट आहेत आणि कधी संपत नाहीत. सहा महिन्यांत पझल रेटिंग १९०० च्या वर गेलं. म्हटलं झालं, आता स्पर्धा खेळायची. एका रविवारी रॅपिडला (कमी वेळाच्या डावांची स्पर्धा) नाव दिलं तर पहिल्याच राउंडला समोर चौथीतला मुलगा, खुर्चीवर गुडघे टेकून बसलेला, आणि त्याने वीस मिनिटांत माझा निकाल लावला.

तो डाव सांगतेच, कारण मला जे काही कळलं ते त्यातूनच कळलं.

पांढरी माझ्याकडे. मी ई४ (अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी; नुसतं घर म्हटलं की प्याद्याची चाल), त्याने ई५. मी घोडा एफ३, त्याने डी६. मी उंट सी४, त्याने उंट जी४ वर आणून माझा घोडा पिन केला, म्हणजे घोडा हलला की मागचा वजीर उंटाच्या माऱ्यात. मी दुसरा घोडा सी३ वर काढला, त्याने पण एक घोडा सी६ वर काढला. आता हे चित्र मी बसमध्ये पन्नास वेळा तरी पाहिलेलं! पिन झालेला घोडा बिनधास्त उचलायचा, ई५ चं प्यादं मारायचं, वजीर सोडून द्यायचा. समोरच्याने वजीर खाल्ला की उंटाने एफ७ मारून शह, राजा ई७ ला, दुसरा घोडा डी५ वर आणि मात. लेगाल मेट म्हणतात याला. हात शिवशिवत होते, आपटला घोडा ई५ वर.

पोराने माझ्या वजिराकडे ढुंकूनही बघितलं नाही. सी६ च्या घोड्याने माझा घोडा मारला, बस. आता तो ई५ वर बसलेला घोडा जी४ च्या उंटाला जोर देतोय, म्हणजे वजिराने उंट खाल्ला की वजीर जातो, वरून माझा सी४ चा उंट पण त्याच्या माऱ्यात. एका प्याद्याच्या बदल्यात अख्खा घोडा घालवला.

संध्याकाळी आमच्या खालच्या मजल्यावरचे काका पार्किंगमध्ये पट मांडून बसलेले, त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "अगं, तुझी चाल तू बघितलीस ते ठीक, पण त्याची चालपण तूच ठरवून टाकलीस की!" मग म्हणाले, "त्याचा घोडा सी६ वर असला तरी हे जमवता येतं, विचार कर." मला वीस मिनिटं लागली. आधी एच३, प्याद्याने उंटाला हाकलायचं. उंट एच५ ला मागे गेला की मग ई५ मारायचं. वजीर खाल्ला तर मात तीच. आणि घोड्याने घोडा मारला तर वजिराने एच५ चा उंट खायचा, कारण ई५ चा घोडा जी४ ला जोर देतो, एच५ ला नाही. त्याने सी४ चा उंट मारला तर वजीर बी५ वर शह, आणि त्याच चालीत सी४ चा घोडा पण माऱ्यात, तो परत मिळतो. हिशोबाला एक प्यादं वर. फरक फक्त एका घराचा, आणि मी खेळताना तिकडे बघितलंच नव्हतं.

नवीन लोकांना माझं सांगणं एवढंच, पझल तुम्हाला आधीच सांगतं की इथे काहीतरी आहे. डावात कोणी सांगत नाही. त्यामुळे चाल शोधायच्या आधी वास घ्यायला शिकायचं. बिनजोर मोहरी कुठे आहे, राजाला पळायला घर आहे का, राजा आणि वजीर एका रेषेत किंवा घोड्याच्या एका उडीत येतायत का, एकच मोहरा दोन-दोन कामं करतोय का. यातलं काहीच नसेल तर कॉम्बिनेशन (बळी देऊन वगैरे साधायची चालींची साखळी) शोधत वेळ घालवू नका, साधी चाल करा.

वास आला तर मग क्रम ठरलेला: आधी शह, मग मारामारी, मग धमकी. हे सगळीकडे सांगतात पण का ते कोणी सांगत नाही. समोरच्याकडे प्रत्येक वेळी तीन उत्तरं धरली तर तीन चालींत २७ फांद्या होतात, कोणाच्या डोक्यात मावणार? शहाला मात्र बऱ्याचदा एक किंवा दोनच उत्तरं असतात, म्हणून तिथे लांबचं दिसतं. वजीर जी८ वर फुकट देऊन घोड्याने एफ७ वरून कोंडलेल्या राजाला मात करतात ना, ती नवख्यालाही दिसू शकते कारण प्रत्येक चालीला शह आहे.

माझी अजून एक खोड होती (अजून आहे). मारून झालेली मोहरी माझ्या डोक्यात तिथेच उभी राहते. तिसऱ्या चालीला मी अशा प्याद्याला घाबरते जे पहिल्या चालीतच मेलंय. यावर उपाय म्हणजे प्रत्येक मारामारीनंतर मनात थांबून विचारायचं, आता पटावर कोण कोण उरलं? कंटाळवाणं आहे पण काम करतं. आणि ओळ, म्हणजे डोक्यात मोजलेला चालींचा क्रम, संपली असं वाटतं तिथे अजून एक चाल बघायची, समोरच्याकडे मधेच एखादा शह नाही ना.

प्रॅक्टिसचं म्हणाल तर मी दिवसाला चाळीस पझल्सवरून पाचवर आले. पूर्ण ओळ, त्याच्या सगळ्यात चांगल्या उत्तरासकट, वहीत लिहायची आणि मगच स्क्रीनला हात लावायचा. रेटिंग सुरुवातीला धाडकन पडलं, पडू दे. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात महिला ग्रां प्री ही बुद्धिबळ स्पर्धा झाली, कोनेरू हम्पी जिंकली ती, तेव्हा डाव ऑनलाइन बघताना मी तो इव्हॅल्युएशन बार (कोण किती वरचढ आहे ते दाखवणारी कॉम्प्युटरची पट्टी) लपवून बघायचे. बार हलला की कळतंच ना काहीतरी आहे म्हणून, मग ते परत पझलच झालं. बार नसताना मी दहातल्या आठ वेळा चुकायचे पण स्पर्धेतलं वातावरण तेच असतं.

एच३ वाली चाल मी त्यानंतर चार-पाच वेळा लावून बघितली. आजकालची पोरं उंट एच५ ला नेतच नाहीत, एफ३ चा घोडा खाऊन मोकळी होतात.