पांढरी माशी: दिसायला एक, पण नक्की कोणती?

कापसावरची आणि टोमॅटोवरची पांढरी माशी भिंगाखाली शेजारी ठेवली तरी फरक सापडत नाही. कोशावरचे केस मोजण्याच्या फंदात तर पडूच नका: तीच माशी लवदार पानावर वाढली की पाठीवर लांब केस येतात, गुळगुळीत पानावर येत नाहीत. बेमिसिया टॅबासी या एका नावाखाली अनेक छुप्या प्रजाती आहेत. आपल्याकडे आशिया-१ आणि आशिया-२-१ भेटतात, शिवाय बाहेरून आलेली मीम-१ (मध्यपूर्व-आशिया मायनर १), म्हणजे जुना ‘बी बायोटाइप’ (जैवप्रकार). ही १९९९मध्ये कर्नाटकात कोलारच्या टोमॅटोवर आढळली.

म्हणून ओळख डीएनएवरून पटवावी लागते. एका पानावरच्या माश्या बहुतेकदा सख्ख्या बहिणी असतात, म्हणून एका झाडावरून एकच माशी घ्या. अशा पंधरा-वीस पुरेत. उडती माशीच घ्या. पिल्लाच्या पोटात परजीवी गांधीलमाशी असली तर डीएनए तिचाच निघू शकतो. थेट ९५ टक्के अल्कोहोलमध्ये टाका, पिकाचे नाव पेन्सिलीने लिहा (शाई विरघळते).

पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात सीओआय नावाचे, प्रजाती ओळखायला वापरतात ते जनुक असते; त्याचा तुकडा प्रयोगशाळेतून वाचून घ्या. खरी गफलत इथे होते. क्रम प्रथिनात उलगडताना कीटकांच्या मायटोकॉन्ड्रियाची संकेतसारणी (डीएनएच्या तीन-तीन अक्षरांचा अर्थ सांगणारा तक्ता), म्हणजे सारणी ५, निवडा. नेहमीच्या सारणीत टीजीए हा पूर्णविराम, म्हणजे प्रथिन इथे संपते अशी खूण, ठरतो आणि चांगला क्रमही बाद वाटतो. सारणी बरोबर असूनही मधेच पूर्णविराम आला, तर ती बहुधा पेशीच्या केंद्रकात शिरलेली, या जनुकाची खोटी प्रत, फेकून द्या. ६५७ अक्षरांत साधारण २३ फरक, म्हणजे ३.५ टक्के, ही दोन प्रजातींमधली रूढ सीमारेषा. पण हे जनुक फक्त आईकडून येते, त्यामुळे संकर झाला असेल तर ते लपवते.

म्हणून दोन गटांत संकर होतो का, हे पाहायला जोड्या लावा. लाल डोळे दिसू लागलेले कोश एकेकटे नळीत ठेवले की कुमारी मादी हाती येते. ती दुसऱ्या गटाच्या नरासोबत वांग्याच्या पानावर, चिमटा-पिंजऱ्यात (पानाला चिमट्याने लावायचा छोटा पिंजरा), २५ ते २७ अंशांत सोडा. अफलित अंड्यातून नरच जन्मतो. तीनेक आठवड्यांनी सगळी संतती नर निघाली, तर फलन झालेले नाही. शेजारी एकाच गटातल्या नर-मादीची जोडी हवीच. तिलाही मादी झाली नाही, तर दोष तुमच्या नरांचा किंवा पिंजऱ्याचा.

मीम-१चा संशय असेल तर झुकिनीच्या (एक भोपळावर्गीय भाजी) रोपावर पिल्ले वाढू द्या; मीम-१ असेल तर पाने चंदेरी होतात. चंदेरी होतात ती वरची नवी पाने, पिल्ले बसलेली नव्हे. काही वाणांची पाने मुळातच चंदेरी असतात, तेव्हा एक रोप माशीविना जाळीत ठेवा.