बजेटमधलं शेव्ही स्मॉल-ब्लॉक ड्रॅग रेसिंगसाठी बांधताय? या चुका टाळा

शेव्रोलेचं स्मॉल-ब्लॉक व्ही-८ इंजिन १९५५ मध्ये आलं, तेव्हा ते २६५ घन इंचांचं होतं. ३५० घन इंचांचं रूप १९६७ च्या कमॅरोत आलं. पुढे ते कार, पिकअप, व्हॅन, बोटी अशा सगळ्यांत बसत गेलं. म्हणूनच अमेरिकेत कमी पैशात ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतपट्टीवर, उतरायचं म्हटलं की आजही बहुतेकांचा हात आधी याच इंजिनाकडे जातो. भाग मुबलक आहेत आणि माहिती तर उदंड आहे. तरीही एकाच इंजिनावर दोनदा पैसे घालणारे लोक कमी नाहीत. बरेचदा भाग हलका निघाला म्हणून नव्हे, तर आकडे न मांडता भाग घेतले म्हणून असं होतं. तिथे नोकरीला असलेली आणि सुटीच्या दिवशी गॅरेजमध्ये जुनी शेव्ही खोलून बसणारी मराठी मंडळीही आता आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आणि इथे बसून हा खेळ आवडीने समजून घेणाऱ्यांसाठी.

मापं इंचांत दिली आहेत. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आपल्याकडचे टर्नर म्हणतात तोच.

वर्ग ठरण्याआधी खरेदी

सगळ्यात महाग चूक हीच. एनएचआरए ही अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची संस्था वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये उभी केली. तिच्या नियमांत 'क्लास रेसिंग' हा एकच प्रकार नाही. स्टॉक एलिमिनेटरमध्ये गाडीचं वजन आणि इंजिनला ठरवून दिलेली अश्वशक्ती यांच्या गुणोत्तरावरून वर्ग पडतो. तिथे कॅमची लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो) कारखान्याइतकीच ठेवावी लागते, ड्युरेशन (किती वेळ उघडा राहतो) मात्र मोकळं असतं. हेडचे पोर्ट, म्हणजे हवेच्या वाटा, घासायला बंदी असते. ज्वलनकक्ष किमान किती सीसीचा हवा आणि पिस्टन डेकपासून (ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागापासून) किती अंतरावर हवा, हे प्रत्येक इंजिनाच्या तपशील-पत्रकात दिलेलं असतं. अशा वर्गासाठी झकास पोर्ट केलेली हेड घेऊन आलात, तर तपासणीत इंजिन खोललं जाईल त्या दिवशी ती भंगारच.

सुपर स्ट्रीटचं गणित वेगळं. तिथे १०.९० सेकंदांचा इंडेक्स, म्हणजे ठरवून दिलेली वेळ, असते. ब्रॅकेट रेसिंगमध्ये आपली वेळ आपणच आधी लिहून देतो. दोन्हीकडे ठरलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचलात, तर ब्रेकआउट होऊन सहसा हार पदरी पडते. म्हणजे इथे जास्त ताकदीपेक्षा दर फेरीत तीच वेळ देणारं इंजिन जिंकतं. थंडगार सकाळी आणि तापलेल्या दुपारी सारखंच सुरू होणारं, नरम कॅमचं, नेमक्या कार्ब्युरेटरचं इंजिन स्वस्तही पडतं आणि टिकतंही. तरी लोक डायनोच्या (ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) आकड्यामागे धावतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यात पहिल्या हंगामाचे पैसे जातात.

सुरक्षेचा खर्चही याच हिशोबात धरा. जुन्या गाडीची वेळ ११.४९ किंवा त्याहून कमी झाली की रोल बार लागतो. ९.९९ पासून रोल केज लागतो, गाडीची मूळ फरशी किंवा फायरवॉल बदललेली असेल तर १०.९९ पासूनच. १०.९९ पासून एसएफआय (सुरक्षा-भागांची मानकं ठरवणारी संस्था) प्रमाणित हार्मोनिक बॅलन्सरही लागतो. इंजिनाने गाडी या रेषेपलीकडे नेली आणि खिशात केजचे पैसे नाहीत, असं होऊ देऊ नका.

'३५० आहे' या शब्दावर विश्वास

३०५ आणि ३५० बाहेरून जवळजवळ सारखी दिसतात. स्ट्रोकही (पिस्टनचा प्रवास) तोच, ३.४८ इंच. फरक बोअरचा (सिलिंडरच्या व्यासाचा): ३५० चा ४.००० इंच, ३०५ चा ३.७३६. विक्रेता काहीही म्हणो, ब्लॉकच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्स जोडतात त्या फ्लँजवर ड्रायव्हरच्या अंगाला असलेला कास्टिंग नंबर वाचा. ३९७००१० हा नंबर सत्तरच्या दशकातल्या ३५० वर भरपूर दिसतो. शक्य असेल तर हेड काढून बोअर स्वतः मोजा. आधीच ६० थाऊ वाढवलेला बोअर असेल, तर तो ब्लॉक तिथेच सोडून या.

चार बोल्टांच्या मेन कॅपसाठी जादा पैसे मोजण्याची गरज या पातळीवर सहसा नसते. भेगा न गेलेला, सरळ, दोन बोल्टांचा ब्लॉक चारशेच्या आसपास अश्वशक्ती बिनतक्रार पेलतो. वाचलेले पैसे भेगांच्या तपासणीवर आणि टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट) लावून केलेल्या होनिंगवर, म्हणजे सिलिंडर आतून घासून घेण्यावर, घाला. हेड आवळल्यावर सिलिंडरचा आकार किंचित बदलतो. प्लेट लावून होनिंग केलं, तर सिलिंडर त्या ताणातही गोल राहतो आणि रिंगा नीट बसतात.

१९८६ पासून मागच्या मेन सीलची रचना बदलली, दोन तुकड्यांचा सील एका तुकड्याचा झाला. त्याबरोबर क्रँकचं बॅलन्सिंगही बदललं. आधीच्या ३५० ला साधी फ्लेक्सप्लेट (क्रँकच्या मागे बसणारी चकती) चालते, नंतरच्याला वजन लावलेली लागते. ४०० ची क्रँक तर पुढून-मागून दोन्हीकडे वजन मागते. तिन्हींचे भाग एकमेकांत मिसळले की इंजिन थरथरतं, आणि माणूस महिनाभर माउंट बदलत बसतो.

कॉम्प्रेशन कागदावर न मांडणं

इथे थोडा वेळ थांबू या, कारण बजेट इंजिनातली निम्मी निराशा इथूनच सुरू होते. पिस्टनच्या खोक्यावर लिहिलेला कॉम्प्रेशनचा आकडा ठरावीक हेड आणि ठरावीक गॅस्केट धरून काढलेला असतो. तुमचं इंजिन त्यात बसेलच असं नाही.

३० थाऊ बोअर वाढवलेलं ३५० घ्या, म्हणजे ३५५. एका सिलिंडरचं घनफळ साधारण ७२७ सीसी. हेडचा ज्वलनकक्ष ६४ सीसी, ४० थाऊ जाडीपर्यंत दबणारं गॅस्केट सुमारे ८.७ सीसी. पिस्टन डेकच्या २५ थाऊ खाली, त्याचे ५.२ सीसी. सपाट पिस्टनवरच्या व्हॉल्व्हच्या खाचा ५ सीसी. बेरीज ८३. आता ७२७ मध्ये ८३ मिळवून ८३ ने भागा: ९.८ च्या जवळ येतं. छान आकडा आहे. आता तोच पिस्टन ठेवून सत्तरच्या दशकातलं ७६ सीसीचं हेड बसवा, गुणोत्तर ८.७ वर घसरतं. त्यात दुरुस्तीसाठी मिळणारा स्वस्त पिस्टन आला, जो मूळ पिस्टनपेक्षा बरेचदा २० थाऊ बुटका असतो, की ८.३ उरतं. गाडी ओढत का नाही, म्हणून मग कार्ब्युरेटर बदलला जातो, डिस्ट्रिब्युटर बदलला जातो. दोष यातल्या कशातच नसतो.

बुटक्या पिस्टनचं दुसरं नुकसान अधिक गंभीर आहे. पिस्टन वर आल्यावर त्याचा सपाट भाग आणि हेडचा सपाट भाग यांत ३५ ते ४५ थाऊ अंतर असावं. तसं असेल तर मिश्रण पिळून स्पार्क प्लगकडे जातं आणि डेटोनेशनचा, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून नॉक होण्याचा, धोका कमी होतो. वरच्या उदाहरणात ४५ आणि ४० मिळून ८५ थाऊ झाले. म्हणजे कॉम्प्रेशन कमी असूनही इंजिन नॉक करू शकतं. उपाय मशीन शॉपमध्येच आहे: ब्लॉकचा डेक बेताने कापून घ्या किंवा योग्य उंचीचा पिस्टन आणा. ब्युरेट आणि ॲक्रिलिकची चकती घेऊन हेडच्या ज्वलनकक्षाचं घनफळ स्वतः मोजा. हे काम घरी होतं.

हेडबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नियमांत बसत असेल, तर १९९६ पासूनच्या ट्रकवरची व्हॉर्टेक हेड घ्या. कास्टिंगच्या शेवटी ९०६ किंवा ०६२ असतं, कक्ष ६४ सीसीचा, आणि लोखंडी हेडमध्ये यांच्याइतकी हवा इतक्या कमी पैशात खेचणारी हेड क्वचितच मिळतात. पण त्यांना इनटेक मॅनिफोल्ड वेगळा लागतो, जुना बारा बोल्टांचा त्यावर बसत नाही. रॉकर सेल्फ-अलाइनिंग प्रकारचे लागतात. आणि लिफ्ट ०.४५० इंचाच्या पुढे न्यायची असेल, तर स्प्रिंगचा रिटेनर व्हॉल्व्ह गाइडच्या सीलवर आपटत नाही ना, हे आधी मोजा. ८८२ कास्टिंगची जुनी हेड फुकट मिळाली तरी भेगा तपासल्याशिवाय बसवू नका, त्यांची त्याबद्दल ख्यातीच आहे.

मोठा कॅम आणि त्याचं रनिंग-इन

मोठ्या कॅमच्या खडबडीत आवाजाला भुलून घेतलेला कॅम ३.०८ च्या मागच्या गिअरशी आणि मूळ टॉर्क कन्व्हर्टरशी जोडला की गाडी पहिल्या ६० फुटांतच मेलेली असते. कॅमची ताकद तीन हजार आरपीएमनंतर सुरू होते आणि कन्व्हर्टर त्याच्या बराच खाली पकड घेतो. गाडीचं वजन, मागचा गिअर, टायरची उंची आणि कन्व्हर्टर हे चार आकडे कॅम बनवणाऱ्या कंपनीला सांगा आणि त्यांनी सुचवलेल्या दोन कॅमांपैकी लहान घ्या. बसवताना डिग्री व्हील लावून तपासा. टायमिंग चेनच्या खुणा जुळल्या म्हणजे कॅम जागेवर आहे असं नाही.

फ्लॅट टॅपेट कॅम स्वस्त, म्हणून बजेटमध्ये तोच येतो. आणि तोच पहिल्या अर्ध्या तासात मरतो. नव्या कॅमवर जुने टॅपेट कधीही घालू नका. लोबवर मॉलिब्डेनमची पेस्ट लावा. जस्त-फॉस्फरसयुक्त झेडडीडीपी भरपूर असलेलं ब्रेक-इन ऑइल वापरा, कारण गाड्यांच्या हलक्या ग्रेडच्या ऑइलमधलं हे प्रमाण २००४ च्या मानकापासून आणखी खाली आलं. दुहेरी स्प्रिंग असेल तर आतली काढून ठेवा. इंजिन पेटलं की लगेच दोन हजारांच्या वर न्या आणि वीस ते तीस मिनिटं दोन ते अडीच हजारांच्या दरम्यान वरखाली करत राहा. आयडलवर सोडू नका, कारण या कॅमला ऑइल मिळतं ते मुख्यतः क्रँकवरून उडणाऱ्या शिंतोड्यांचं.

म्हणजेच इंजिन पहिल्या झटक्यात पेटायला हवं. कार्ब्युरेटरचे बोल (पेट्रोलच्या वाट्या) आधी भरा, टायमिंग अंदाजे लावून ठेवा, आणि ड्रिलने ऑइल पंप फिरवून रॉकरपर्यंत ऑइल आलेलं डोळ्यांनी पाहा. नुसती सळई लावून हे नीट होत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून ऑइल निसटतं, म्हणून कॉलर असलेलं प्रायमिंग टूल घ्या.

जोडणीतल्या बारीक गोष्टी

स्मॉल-ब्लॉकच्या हेड बोल्टांची भोकं थेट पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडतात. आट्यांना सीलंट न लावता आवळलेले बोल्ट हळूहळू पाणी वर सोडतात. टॉर्क ६५ फूट-पाउंड, तीन टप्प्यांत.

बेअरिंगचं क्लिअरन्स जर्नलच्या दर इंचाला एक थाऊ धरा. २.४५ इंचांच्या मेनला अडीच थाऊच्या आसपास. क्लिअरन्स बरोबर असेल, तर हाय-व्हॉल्यूम ऑइल पंपाची गरज नसते. तो उलट ऑइलचं चेंबर (इंजिनाखालचा ऑइल पॅन) लवकर रिकामं करतो आणि डिस्ट्रिब्युटरच्या गिअरवर भार टाकतो. पिकअप पंपाला टाक्याने वेल्ड करा आणि चेंबरच्या तळापासून पाव ते तीन अष्टमांश इंच वर ठेवा. पंपाच्या दांड्यावर प्लास्टिकऐवजी स्टीलची कॉलर हवी. वरच्या रिंगची गॅप ४.०३० बोअरला १८ थाऊच्या आसपास, पण हायपरयुटेक्टिक पिस्टन असतील तर जास्त, नेमकी किती ते कंपनीच्या कागदावर पाहा. गॅप कमी पडली, की रिंग तापून टोकाला टोक भिडतं आणि पिस्टनचा वरचा भाग तुटून येतो.

इंजिन बांधून झालं, पण…

कार्ब्युरेटरमधून फटाके मारतंय आणि सुरूच होत नाही: डिस्ट्रिब्युटर अर्धा फेरा चुकून बसलाय. एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशन स्ट्रोकला आहे ना, हे प्लगच्या भोकावर बोट ठेवून बघा.

फक्त भार आला की मिसफायर होतं: फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२. ५ आणि ७ शेजारी आहेत आणि एकामागोमाग पेटतात. त्यांच्या वायरी समांतर, चिकटून गेल्या असतील, तर ५ च्या ठिणगीने ७ मध्ये वीज शिरते. त्या वेगळ्या करा, एकमेकींना ओलांडून न्या.

टायमिंग लाइटवर ३६ अंश दिसतात, तरी गाडी मंद किंवा नॉक करणारी: बॅलन्सरची बाहेरची रिंग रबरावरून सरकलेली असू शकते, किंवा टायमिंगची पट्टी दुसऱ्याच बॅलन्सरची. पिस्टन स्टॉप लावून खरा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असण्याचा बिंदू) शोधा आणि नवी खूण करा. तोवर त्या लाइटवर विसंबू नका.

एका बाजूने टिकटिक येतेय: आधी हेडरचं गॅस्केट बघा, बरेचदा तेच असतं. नसेल, तर व्हॉल्व्ह कव्हर काढून प्रत्येक रॉकरजवळ डायल गेज लावा. एखाद्या व्हॉल्व्हची लिफ्ट बाकीच्यांपेक्षा कमी भरली, तर लोब घासला गेलाय. तेव्हा नुसता कॅम बदलून भागत नाही. लोखंडाचा कीस बेअरिंगपर्यंत पोचलेला असतो, म्हणून इंजिन पूर्ण खोलून धुवावं लागतं.

हायड्रॉलिक टॅपेट असताना वरच्या आरपीएमला ताकद अचानक तुटते: प्रीलोड (टॅपेट आत दाबला जाण्याचं माप) जास्त झाला असेल. ढिलाई संपल्यावर अर्धा फेरा पुरे. तरीही तुटत असेल, तर स्प्रिंगची बसवलेली उंची आणि दाब तपासा.

मैलाच्या आठव्या भागापर्यंत, म्हणजे निम्म्या पट्टीपर्यंत, गाडी झकास आणि शेवटच्या तिनेकशे फुटांत नाक टाकते: इग्निशनवर पैसे घालण्याआधी फ्युएल प्रेशरचं गेज काचेबाहेर, दिसेल असं लावा आणि पूर्ण फेरी मारून बघा. लाइनला उभं असतानाचा दाब काही सांगत नाही. टॉप गिअरमध्ये काटा घसरत असेल, तर पंपाआधी फिल्टर, मग टाकीतला पिकअप, मग पाइपाचा आतला व्यास, या क्रमाने बघा.